पडदा मागाहून घ्या, आधी बॅटरी मोजा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या शिडाच्या बोटीने लांबच्या सफरीला जाणाऱ्या पोरांवर तुमचा लेख आला, आमच्या घरात तो सगळ्यांनी वाचला, भाचीने तर फोटो काढून ग्रुपवर टाकला. लेख चांगलाच आहे. पण त्यात एक वाक्य असं होतं की आता एक बरा टॅब घेतला आणि त्यात चार्टचं, म्हणजे दर्याच्या नकाशांचं, ॲप टाकलं की दर्यात वाट चुकायचा प्रश्नच उरला नाही, आणि ते वाचून मी अस्वस्थ झालो म्हणून लगेच लिहायला बसलोय.

मी बेतीला राहतो. तीस वर्षं मालीम जेटीच्या आसपास बोटींचं वायरिंग आणि बॅटरीचं काम करतोय, आधी सगळे ट्रॉलर, हल्ली शिडाच्या बोटीपण. माझी भाची आणि आमचे जावई ३१ फुटी फायबरची जुनी बोट घेऊन जानेवारीत गोव्याहून कोची आणि तिथून लक्षद्वीपला जायचं म्हणतायत, दोघंच. कोचीपर्यंत साडेतीनशे सागरी मैल, अशी बोट ताशी साडेचार-पाच मैल काढते, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, आणि दोघांपैकी एकजण कायम जागा पाहिजे.

आता गंमत बघा, गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाने विचारलं की काका दहा इंची घेऊ की बारा इंची, कुठल्या कंपनीचा घेऊ, लॅपटॉप बरा की प्लॉटर (चार्टवर बोटीची जागा दाखवणारं खास बोटीसाठीचं यंत्र) बरा. तो दिवसाला किती करंट खातो हे एकानेही विचारलं नाही. साधा हिशोब आहे. लॅपटॉप ५० वॉट धरा, १२ व्होल्टवर चार अँपियरच्या वर गेला, मध्ये इन्व्हर्टर लावला तर त्याचं खाणं वेगळं, म्हणून पाच धरा, चोवीस तासांचे झाले १२० अँपियर-अवर. बोटीत १०० अँपियर-अवरची लेड बॅटरी असते आणि ती अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते, म्हणजे हातात खरे ५०. लॅपटॉप एकटाच ती संध्याकाळपर्यंत संपवणार आणि मग दिवे, व्हीएचएफ रेडिओ, बोट आपोआप दिशेवर धरणारा ऑटोपायलट कशावर चालवणार? ऑटोपायलट तर दोघांच्या बोटीत तिसरा माणूसच असतो, तो बंद पडला की दोघांनाही झोप नाही. याउलट सात इंची प्लॉटर साधारण एक अँपियरवर चालतो, टॅब तेवढ्यातच किंवा कमी, आणि रास्पबेरी पायसारख्या हातभर नाही बोटभर कॉम्प्युटरवर ओपनसीपीएन हे चार्टचं सॉफ्टवेअर टाकलं, जे फुकट मिळतं, तर तोही थोडक्यात भागतो, फक्त त्याला जोडलेला पडदा किती खातो ते धरायला विसरू नका. १०० वॉटचं सोलर पॅनल आपल्या हिवाळ्याच्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अँपियर-अवर देतं, शिडाची सावली पडली तर तेवढंही नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आधी कागदावर आकडे मांडा आणि त्यात जे बसेल ते घ्या. मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, टोकाचा जुना २५ वॉटचा दिवा काढून एलईडी लावला तर एका रात्रीत वीस-बावीस अँपियर-अवर वाचतात, एवढ्यात प्लॉटर जवळजवळ दिवसभर चालतो.

दुसरी गोष्ट माझ्यावरच गुदरलेली. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आणि मेव्हणा मालवणहून परत येत होतो, आग्वादला वळसा घातला तेव्हा तिन्हीसांज झालेली, मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, ओलांडायचा म्हणून शीड उतरवलं आणि इंजिन चालू केलं. स्टार्टर फिरला तसा व्होल्टेज खाली बसला आणि लॅपटॉप बंद. परत चालू केला तर त्याने अपडेट सुरू केलं. समोर बार, पावसाळ्यानंतर वाळू कुठे सरकलीय ते डोक्यात धड नाही, उजेड चाललेला. मेव्हणा म्हणाला जाऊया रे, रोजचीच वाट आहे. मी नाही म्हटलं, बोट मागे फिरवली, किल्ल्याच्या पोटाशी नांगर टाकला आणि रात्रभर तिथेच बसलो, बायको बेतीच्या घरात जागी आणि मी समोरच्या पाण्यात जागा. सकाळी एक ओळखीचा तांडेल ट्रॉलर घेऊन आत चालला होता, त्याने हात केला आणि आम्ही त्याच्या मागून आत गेलो. त्याच्या केबिनमध्ये पडदा होता पण त्याचं लक्ष त्यावर नव्हतंच, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून तो चालला होता. तेव्हापासून मी कुणाचंही वायरिंग करताना इंजिनची बॅटरी वेगळी आणि बाकी सगळ्याची वेगळी ठेवतो, भांडण झालं तरी चालेल.

टॅबचंपण एक सांगतो. भाचीने पहिला टॅब एका दुकानातून घेतला, दुकानदार म्हणाला मॅप चालतो म्हणजे जीपीएस आहेच. घरात ठिपका अगदी बरोबर आमच्या अंगणात दिसत होता. बोटीवर नेला आणि आग्वादच्या बाहेर गेल्यावर ठिपका जागचा हलेना. नुसत्या वायफायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसची चिपच नसते, ते आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतात, आणि दर्यात कुणाचं वायफाय असणार? सिमवाला मॉडेल घ्यायचा, सिम नाही घातलं तरी चालतं. घेतल्यावर फ्लाइट मोडवर टाकून दोन दिवस गाडीतून फिरवून बघायचा. चार्ट घरीच डाउनलोड करायचे आणि लायसन्स इंटरनेट नसताना उघडतंय का ते तपासायचं. जानेवारीच्या उन्हात कॉकपिटमध्ये ठेवला तर टॅब तापून बंद पडतो, ओल्या बोटाला दाद देत नाही, आणि चार्जिंगच्या भोकात मीठ गेलं की संपलंच. आणि हे कुणी सांगत नाही, टॅबच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतं, ते होकायंत्राजवळ ठेवलं की होकायंत्र खोटं बोलायला लागतं.

आता चार्टबद्दल, कारण मला खरी भीती याचीच आहे. पडद्यावरचे चार्ट दोन जातीचे. एक म्हणजे कागदी चार्टचा जसाच्या तसा फोटो, त्यात काही लपत नाही. दुसरे कॉम्प्युटरने रचलेले, त्यात झूम कमी केलं की गर्दी होऊ नये म्हणून बारीक गोष्टी आपोआप गायब होतात. २९ नोव्हेंबर २०१४ ला पृथ्वीला फेरी मारायच्या व्होल्वो ओशन रेस या शर्यतीतली व्हेस्टास विंड ही ६५ फुटी बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराहोसच्या खडकांवर रात्री जोरात आदळली. बोटीवर नऊ माणसं, सगळी कसलेली, नॅव्हिगेटर जगातल्या चांगल्यांपैकी, यंत्रं सगळी चालू होती. चार्टमध्ये खडकपण होते, फक्त त्यांनी जितकं झूम ठेवलं होतं तेवढ्यात ते नीट दिसत नव्हते. माणसं वाचली, बोट फुटली. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवलं पाहिजे, कारण तिथेही तशीच पाण्याच्या पातळीला लागून असलेली प्रवाळाची कडी आहेत, चेरबानियानी, बैरामगोर ही नावं चार्टवर शोधा आणि झूम कमी करून बघा ती कधी नाहीशी होतात. पूर्ण वाट घरी बसून एकदा मोठं झूम ठेवून पडद्यावर हाताचं बोट फिरवत फिरवत तपासायची, कंटाळा आला तरी. आणि झूम वाढवलं म्हणजे माहिती वाढली असं नाही, जुन्या काळी दोरीला शिसं बांधून वावांत (दोन्ही हात पसरून होतं ते माप) मोजलेला खोलीचा आकडा मोठ्या अक्षरात दिसला एवढंच.

चार्टवर नसलेल्या गोष्टींचं काय? मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं तेव्हा त्यावर ६४० कंटेनर होते, त्यातले कितीतरी पाण्यात पडले आणि वाहत किनाऱ्याला लागले, तसा एखादा अर्धा बुडालेला कंटेनर कुठलं यंत्र दाखवणार? कांदोळीच्या समोर २००० साली रिव्हर प्रिन्सेस ही जहाज येऊन रुतली आणि दहा वर्षांहून जास्त तिथेच होती, त्या काळात जुना चार्ट घेऊन रात्री किनाऱ्याजवळून येणाऱ्याचं काय झालं असतं, विचार करा. एआयएस, म्हणजे जहाजांनी एकमेकांना आपली जागा रेडिओवरून कळवायचं यंत्र, घ्याच, मोठी जहाजं लांबून कळतात आणि तुम्ही त्यांना कळता, पण रात्री एक टॉर्च घेऊन बसलेल्या फायबरच्या होडीत एआयएस नसतं आणि थर्मोकोलच्या तुकड्यावर तरंगणाऱ्या जाळ्यालाही नसतं. म्हणून पडद्यात डोकं घालून बसायचं नाही, दर दहा मिनिटांनी उभं राहून चारी बाजूंनी बघायचं.

लेखात परदेशातल्या व्हिडिओंवरून सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) घ्यायचा सल्ला पण आलाय, तो कृपा करून दुरुस्त करा. आपल्याकडे इरिडियम किंवा थुराया या परदेशी उपग्रहसेवांवर चालणारं यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, इथल्या विमानतळावर परदेशी प्रवाशांकडे अशी छोटी यंत्रं सापडून केस झाल्याच्या बातम्या आल्यात. तुमचा लेख वाचून कुणी ऑनलाइन मागवलं तर उगाच पोरं अडकतील. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र, घ्या आणि आपल्या नावावर रजिस्टर करा, त्याचा सिग्नल बंगळुरूच्या केंद्राला जातो आणि तिथून कोस्ट गार्डला. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, पण मोबाइलची रेंज काही मैलांतच जाते, पुढे व्हीएचएफचा चॅनल १६. हवामानासाठी निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघायचा, आणि दर्यातले इशारे रेडिओवरून अक्षरांत देणाऱ्या नॅव्हटेक्सचा रिसीव्हर मिळाला तर फार उत्तम, करंट नगण्य आणि आपल्या शेजारी वेंगुर्ल्यालाच त्याचं स्टेशन आहे.

गोव्याचा माणूस दर्याला घाबरत नाही, आमच्याकडे घराघरात एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, निघतो. नौदलाचे दिलीप दोंदे ज्या म्हादेई नावाच्या शिडाच्या बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले ती गोव्यातल्याच दिवाडी बेटावर बांधलेली, अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी टॉमींची थुरिया ही बोट पण गोव्यातच बांधली, त्या शर्यतीत जीपीएस सील करून ठेवायचं आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र), घड्याळ आणि कागदावर वाट काढायची असा नियमच आहे. दिलना आणि रूपा या दोन नौदल अधिकारी तारिणी या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारायला ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून मे २०२५ ला परत आल्या, दोघीच. मी म्हणत नाही की सगळ्यांनी सेक्स्टंट शिका. पण दर तासाला अक्षांश-रेखांश वहीत पेन्सिलीने लिहायचे आणि कागदी चार्टवर फुली मारायची एवढं तर कुणालाही जमतं, डेहराडूनच्या हायड्रोग्राफिक ऑफिसचे कागदी चार्ट मिळतात. सगळं बंद पडलं तरी तासाभरापूर्वी आपण कुठे होतो हे माहीत असतं आणि होकायंत्र धरून पुढे जाता येतं, किंवा नुसतं पूर्व धरायचं, किनारा येतोच, मात्र उजेडात.

भाचीच्या बोटीवर शेवटी हे ठरलंय: बोटीच्या बॅटरीवर सात इंची प्लॉटर, त्याच्याशी कसलाच संबंध नसलेला सिमवाला टॅब स्वतःच्या पॉवर बँकवर, आणि सेलवर चालणारं हातातलं जुनं जीपीएस, जे वीज कडाडायला लागली की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जाणार. लॅपटॉप घरी. बाकी तयारी, पाणी माणशी दिवसाला चार लिटर आणि त्यावर निम्मं जास्त, डिझेलचे दोन फिल्टर, जाळं पंख्यात अडकलं तर कापायला सुरी आणि मास्क, लक्षद्वीपचं परमिट, ती यादी तिने तुमच्या लेखापेक्षा चांगली केलीय.

डिसेंबरच्या शेवटी ती दोघं चाचणी म्हणून रात्रीचं मालवणला जाऊन येणार आहेत. रात्रीच्या मतलई वाऱ्यावर निघायचं, आणि वेंगुर्ल्याच्या खडकांचा दिवा दिसायला लागला की प्लॉटर मी सांगितलंय म्हणून मुद्दाम बंद करायचा, टॅबला हात लावायचा नाही. परत आल्यावर बॅटरीत किती उरलं आणि कागदावरची फुली खऱ्या जागेपासून किती लांब होती ते तुम्हाला कळवीन, तेपण छापा.

आपला एक वाचक,
बेती, बार्देश