काकांची वही

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

ऐरोलीहून नौपाड्याला पत्र पाठवणं म्हणजे वेडेपणाच. पण फोनवर काकांचा विषय निघाला की बाबा लगेच 'थांब, आईशी बोल' म्हणून मोकळे होतात, आणि समोर बसलो की माझाच आवाज फुटत नाही.

शोकसभेत काकांना किती वेळा 'समाजसेवक' म्हणाले! काकू खाली बघून चक्क हसत होती. त्यांची सगळी समाजसेवा 'जरा जाऊन येतो' एवढ्यात उरकायची, आणि रात्री साडेआठला पानावर हजर. मुलींच्या वह्यांना कव्हरं घालता घालता, खांद्यात फोन धरून ते ओ निगेटिव्हचा माणूस शोधायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

26 जुलै 2005 ची रात्र तर सभेत कुणी धड सांगितलीच नाही. लोकल बंद, बाबा मुंबईत मस्जिद बंदरला ऑफिसात अडकलेले. 'दादाला घेऊन येतो' म्हणून काका थर्मास घेऊन तीन हात नाक्यावर जाऊन उभे राहिले. बाबा आले रुळांवरून चालत, थेट ठाणे स्टेशनात, आणि दोन वाजता घरी! फोन लागत नव्हते. काका तिकडेच, मुलुंडकडून चालत येणाऱ्यांना चहा देत, प्रत्येकाला 'मस्जिदहून आलात का?' विचारत. पहाटे चिंब भिजून आले आणि बाबांवरच उखडले. सभेत याचं 'पूरग्रस्तांना मदतकार्य' झालं. अहो, माणूस भावाची वाट बघत होता!

रक्तदानाचं शिबिर मात्र ठरवून मे महिन्यात. कॉलेजं बंद, माणसं गावी, रक्तपेढीत चणचण तेव्हाच. प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस टिकतात, आधी साठवून ठेवू म्हटलं तरी जमत नाही, हे त्यांनी मला दहा वेळा ऐकवलं असेल. स्वतः 90 दिवस मोजून जायचे. पासष्टी उलटल्यावर डॉक्टरांनी 'आता पुरे' म्हटलं, त्या रात्री रुसून जेवले नाहीत म्हणे. (काकूच्या मते एक पोळी कमी खाल्ली, इतकंच.)

आता खरं कारण. काकूने दिलेली त्यांची वही बाबांनी न उघडता कपाटावर ठेवलीय. मागच्या रविवारी तुम्ही झोपलात तेव्हा मी ती चाळली, रागावू नका. नाव, रक्तगट, फोन, शेवटची तारीख. माझ्या नावापुढे तारीख नाहीच. पेन्सिलीने लिहिलंय, 'सुईला भितो. पुढल्या वर्षी विचारणे.' त्याखाली वर्ष खोडून नवं वर्ष, ते खोडून पुढचं. अकरा वेळा. मला एकदाही टोचून बोलले नाहीत हो.

बाबा, आज सकाळी जाऊन आलो. 350 मिलीलिटर. चक्कर आली नाही. म्हणजे, थोडी आली, पण बिस्किटं खाल्ल्यावर गेली.

रविवारी येतो. तोवर वही खाली काढा आणि माझ्या नावापुढे आजची तारीख घाला. पेनने.

आई, बीट-पालकाचं काही करत बसू नकोस. श्रीखंड चालेल.

तुमचा,
बाळ्या