गच्चीचा उतार आणि विश्वाचा आरंभ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी फोनवर विचारले, की मी नेमके काय शोधते, आणि इन्फ्लेशन हा शब्द ऐकताच आई डाळींच्या भावांकडे वळली. माझे इन्फ्लेशन म्हणजे महागाई नव्हे, विश्वाचे फुगणे.

आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या आद्य प्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या मंद उष्णतेच्या) तापमानात लाखात एक भाग इतकाच फरक आढळतो; साध्या महास्फोटाच्या हिशेबाने मात्र त्या टोकांचा परस्परांशी कधी संबंधच आलेला नसतो. १९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गूथ यांनी सुचवले, की ही टोके मुळात शेजारी होती आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशात विश्व प्रचंड पटींनी फुगल्यामुळे दुरावली. पुढे लिंडे प्रभृतींनी या कल्पनेला दिलेल्या रूपात एक ऊर्जाक्षेत्र अगदी मंद उतारावरून सावकाश घरंगळते, आणि ते घरंगळत असेपर्यंत विश्व फुगत राहते.

बाबा, आपल्या गच्चीच्या वेळी तुम्ही पाण्याची नळी धरून गवंड्याला दोनदा कोबा उखडायला लावला होतात: पाणी साचू नये, पण धावूही नये. विश्वाला असा उतार कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्ट्रिंग सिद्धांतात (मूलकण म्हणजे सूक्ष्म तारांची कंपने, असे मानणाऱ्या) शोधतो. त्यात अवकाशाच्या नऊ मिती असून सहा सूक्ष्म घड्यांत दडलेल्या आहेत. त्यांत 'ब्रेन' नावाचे पापुद्र्यांसारखे पदार्थ असतात (मेंदूशी संबंध नाही, मेम्ब्रेनचे ते शेपूट आहे). ब्रेन आणि प्रतिब्रेन (उलट भाराचा ब्रेन) एकमेकांकडे ओढले जातात. त्यांच्यातले अंतर हेच ते घरंगळणारे क्षेत्र. ते कमी होत असताना विश्व फुगते आणि दोन्ही ब्रेन आदळले की फुगणे थांबून ऊर्जेचे तप्त द्रव्य होते.

अडचण अशी, की त्या सहा मितींचा आकार बांधून ठेवला नाही तर त्याच पसरत जातात. २००३ मध्ये कच्रू, कॅलॉश, लिंडे आणि आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी तो बांधण्याची रीत मांडली. त्याच वर्षी माल्दासेना व मॅकॲलिस्टर यांना सोबत घेऊन त्यांनी त्यात ब्रेन बसवून पाहिले, तर आकार बांधताच उतार तीव्र झाला, कारण ब्रेनची जागा आणि मितींचा आकार एकमेकांत गुंतलेले असतात. आपण कठड्याची भेग बुजवली आणि पाणी जिन्याकडे वळले, तसेच हे! इतर परिणाम नेमके जुळवले तरच उतार पुन्हा मंद होतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. काहींना यात सिद्धांताचा कमकुवतपणा दिसतो. मला मात्र त्याचा प्रामाणिकपणा आवडतो, कारण उतार नुसता गृहीत न धरता त्याची किंमत तो मोजायला लावतो.

मितींच्या अशाच एका घडीसाठी ते परिणाम मोजणे हे माझे काम. सध्या त्यातले एक पद उलट्या चिन्हाचे येते आहे. चूक माझी की चिन्हच खरे, हे ठरल्यावर गणपतीच्या रजेचे कळवते.

तुमची,
मनू