जन्माचा दाखला कशासाठी हवा होता

तुलूझ, फ्रान्स
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण बाबांनी फोन स्पीकरवर टाकला की आई गप्प होते, म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये मी जन्माचा दाखला मागवला तेव्हा व्हिसासाठी हवा म्हणाले होते. खोटं बोलले. आई, त्या कागदासाठी तू वाईच्या उन्हात नगरपालिकेचे दोन खेटे घातलेस आणि मी तो इथल्या नगरपालिकेत दिला. लग्नासाठी. एतिएनशी, अर्थात. सप्टेंबरातला दुसरा शनिवार, सकाळी अकरा, म्हणजे तुमचे दुपारचे अडीच. तुम्हाला विचारत नाहीये, कळवते आहे, हे मला लिहितानाही टोचतंय.

पण ऐका ना. स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी बाबांना इतक्यात लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलंय. एतिएनची आजी अठ्ठ्याऐंशीची आहे. घराचा करार दोघांच्या नावे करायचा तर कागद लागतात. आणि बाबांना बरं वाटेपर्यंत थांबले असते, तर तुम्हीच म्हणाला असता, आमच्यासाठी कशाला थांबलीस.

आई, तुझा पहिला प्रश्न मला इथे ऐकू येतोय. मंत्र नाहीत, अग्नी नाही, मग ते लग्न कसलं? आणि बाबा, तुमची ती विजयी खाकरणीही ऐकू येते. दोघंही जरा थांबा.

इथे कायद्याला नगरपालिकेतलंच लग्न कळतं. चर्चमध्ये जायचं तर नंतर जा, कोणी अडवत नाही. आमचं लग्न 'कापितोल'मध्ये लागणार, चौकातल्या त्या गुलाबी विटांच्या इमारतीत, जिचा फोटो पाहून आई 'राजवाडा आहे का गं' म्हणाली होती. ती इथली नगरपालिका. तिच्यापासून दहा मिनिटांवर फिलातिए नावाची गल्ली आहे. 1761 च्या ऑक्टोबरात तिथल्या झां कालास नावाच्या कापडव्यापाऱ्याचा थोरला मुलगा दुकानात मेलेला सापडला. कुटुंब प्रोटेस्टंट, गाव कट्टर कॅथलिक. मुलगा धर्म बदलणार होता म्हणून बापानेच मारला, अशी आवई उठली. बाप आधी खोटं बोलला होता, कोणीतरी येऊन खून केला म्हणून. आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत तेव्हा रस्त्यातून फरफटत नेत. पोराच्या देहाची ती विटंबना नको, एवढंच त्याच्या मनात. ते खोटंच त्याच्या अंगावर आलं. 10 मार्च 1762 ला त्या म्हाताऱ्याला चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं. त्या सें-जॉर्ज चौकात आता कॉफीची दुकानं आहेत. मी तिथे बसते कधीकधी, पण फार वेळ बसवत नाही.

व्होल्तेअर या लेखकाला हे कळलं तेव्हा आधी त्यालाही खरंच वाटलं होतं. मग त्याने साक्षी-पुरावे तपासायला घेतले, पत्रांचा पाऊस पाडला, 1763 त सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला. 1765 च्या मार्चमध्ये पॅरिसने कालासला निर्दोष ठरवलं. देव आहे की नाही, हा वादच नव्हता तो. पुरावा कुठे आहे, एवढाच साधा प्रश्न. एतिएनची आजी प्रोटेस्टंट. तिच्या पूर्वजांची लग्नं 1787 पर्यंत सरकारदरबारी लग्नंच नव्हती, मुलं अनौरस. त्या साली राजाने त्यांची नोंद मान्य केली आणि 1792 त फ्रेंच राज्यक्रांतीने लग्न सगळ्यांसाठीच नगरपालिकेत आणलं. आजी हे असं सांगते, जणू काल घडलं.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. तुम्ही विश्वकोशाची मुद्रितं तपासायचात आणि मी टेबलाखाली बसून नोंदीच्या शेवटचं 'पहा :' मोठ्याने वाचायची, आठवतं? दिदरो या फ्रेंच लेखकाच्या विश्वकोशात, पहिला खंड 1751, नरभक्षकांच्या नोंदीखाली लिहिलंय : पहा प्रभुभोजन, म्हणजे येशूचं शरीर म्हणून भाकर खायचा चर्चमधला विधी. सेन्सॉरच्या नाकाखालून! तुमच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

पण लगेच हसू नका. त्याच व्होल्तेअरने फेर्ने गावात स्वतःच्या खर्चाने चर्च बांधलं आणि दारावर कोरलं, 'देवासाठी, व्होल्तेअरने'. तुमच्या जोतिरावांनी तरुणपणी ज्या टॉमस पेनचं पुस्तक वाचलं, तोही देव मानायचा, भटजी आणि पोथी नको म्हणायचा. फ्रान्सच्या राजाला मारू नका म्हणाला, म्हणून क्रांतिकारकांच्या मनातून उतरला आणि पुढे तुरुंगात गेला. 1793 त तर त्याच क्रांतिकारकांनी पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये बुद्धीलाच देवी करून तिचा उत्सव मांडला. बाबा, देव्हारा माळ्यावर गेला त्या प्रकरणाबद्दल मी आजही काही बोलणार नाही. फक्त तो खाली आणला तेव्हा त्याचा एक खांब तुटलेला होता आणि तो आईने स्वतः चिकटवला, एवढं मला आठवतं.

म्हणून आई, हे लग्न तुझ्या विरुद्ध नाही गं. सही झाल्यावर कापितोलच्या पायऱ्यांवर मला तुझ्या आवाजात मंगलाष्टकं हवीत, फोनवर रेकॉर्ड करून पाठव. 'कुर्यात् सदा मंगलम्' ला तू जो उंच सूर लावतेस, तोच लाव, घसा बसला असला तरी. लहानपणी ताप आला की तू कपाळावर हात ठेवून अथर्वशीर्ष म्हणायचीस आणि बाबा दुसऱ्या बाजूला थर्मामीटर धरून बसायचे. मला दोन्ही लागायचं. ढोल्या गणपतीला माझ्या वतीने एक नारळ. अंगारा पाकिटातून नको, मागच्या वेळी कस्टमवाल्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली.

इथे माझे हाल नाहीत. तांदूळ मिळतो, कढीपत्ता खिडकीतल्या कुंडीत जगलाय, एतिएन वरण करायला शिकलाय, फोडणी अजून जाळतो.

आता नीट ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, दात काढायचा झाला तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. बुद्धिवादी माणसाने गोळ्या विसरणं शोभत नाही. आई, मोतीबिंदू दसऱ्यानंतर नाही, गणपती उठले की लगेच. मुहूर्त मी पाहिलाय, डॉक्टरांचा बुधवार मोकळा आहे. रात्री घाटावर एकट्याने जायचं नाही, शेवाळ आहे. रागावून बोलत नाहीये, काळजी वाटते.

लग्न लागताना इथे दालनाचं दार उघडं ठेवावं लागतं, कोणीही आत येऊ शकतं. मी फोन दाराकडे तोंड करून ठेवणार आहे. अडीचला झोपू नका.

पत्रिकेचा मराठी मजकूर सोबत जोडलाय. बाबा, तांबड्या शाईने तपासून गुरुवारपर्यंत परत पाठवा. आईचं नाव आधी घातलंय, ते बदलायचं नाही.

तुमची,
चिमी