गुगल काही फोटो काढत नाही, साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पुरवणीत केळीवर पान आलं होतं, चांगलं होतं, माहितीही बरोबर होती, पण फोटोखाली बारीक अक्षरात ‘सौजन्य : इंटरनेट’ असं वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला माझा. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. रागाने नाही बरं का. रावेर तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, शेजारच्या गाळ्यात फ्लेक्सचं काम चालतं, त्यामुळे या चोरीच्या दोन्ही बाजू मला माहिती आहेत, एक-दोन वेळा चोर मीच होतो, ते पुढे सांगतो.

आधी माझं रडगाणं. आमच्याकडे रोहिणी-मृगाच्या आसपास वादळ येतं हे काय सांगायला नको, दहा-पंधरा मिनिटांत उभी बाग आडवी होते. पाच-सहा वर्षांमागे असंच झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर गेलो, निसवलेले घड चिखलात पडलेले, खांब कंबरेतून मोडलेले आणि हा माणूस मधोमध उकिडवा बसलेला, पाठमोरा. मी फोटो काढायला कॅमेरा वर केला आणि परत खाली घेतला, मग त्याला विचारलं, काढू का? तो म्हणे काढ, पंचनाम्याला कामी येईल, पण तोंड नको दाखवू. म्हणून तो पाठमोरा आहे. तो फोटो मी फेसबुकवर टाकला, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव होतं.

तर साहेब तो फोटो तेव्हापासून दरवर्षी मे-जूनमध्ये फिरतो. नाव कोणीतरी कापलं, मग वरून लाल अक्षरात ‘आत्ताची मोठी बातमी’ आलं, एका वर्षी तो नंदुरबारकडचा झाला, एका वर्षी थेट गुजरातचा, एका कीटकनाशकाच्या दुकानाच्या जाहिरातीत आला आणि एका पुढाऱ्याच्या ‘बळीराजाच्या पाठीशी’ फ्लेक्सवर पण आला, बरं तो फ्लेक्स प्रिंट करायला नेमका माझ्या शेजाऱ्याकडेच आला, म्हणजे माझाच फोटो माझ्याच ओट्यावर वाळत पडलेला. पैशाचं सोडा हो. त्या शेतकऱ्याला दरवर्षी नातेवाईकांचे फोन येतात की यंदा पण बाग पडली का तुझी. यंदा त्याची बाग उभी आहे. आणि ज्याची खरंच यंदा पडली त्याचा फोटो कोणी काढायला जात नाही, कारण ‘केळी वादळ’ टाइप केलं की माझावाला तयार मिळतो! फोटो उचलला की त्याची तारीख आणि गाव मागेच राहून जातं, नुसतं चित्र पुढे जातं, माझी खरी तक्रार ही आहे, माझं नाव कापलं ते त्याच्या नंतर.

व्हॉट्सअॅपची तर और गंमत आहे. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये तारीख-वेळ, कधी कधी ठिकाणसुद्धा आपोआप नोंदलेलं असतं, पण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते सगळं पुसलं जातं, फोटोचा दर्जा उतरतो तो वेगळाच. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं. तुमच्या तालुका वार्ताहरांना एवढं एक सांगून ठेवा, पंचनाम्याच्या फोटोला पण उपयोगी आहे.

आता मी त्या जाहिरातवाल्या दुकानदाराला फोन केला होता. मालक धुळ्याकडचे, बोलायला एकदम मोकळा माणूस, म्हणतो, ‘अरे भो, नेटवर से ना, मंग सगळास्नाच से!’ म्हणजे नेटवर आहे तर सगळ्यांचाच आहे, आणि वर म्हणे आम्ही खाली ‘साभार’ लिहिलंय की. आता याच्यावर काय बोलावं. सत्यनारायणाला केळीचे चार खांब लागतात, तर आपण मळ्यात जाऊन मालकाला विचारतो ना, तो फुकट देतो, वरून घरचा माणूस तोडून पण देतो, पण कोणी न विचारता तोडून नेले आणि बांधावर ‘साभार’ची चिठ्ठी ठेवली तर चालेल का? बाग रस्त्याला लागून आहे, कुंपण नाही, म्हणून ती गावाची होत नाही. साभार म्हणजे आभारासहित, आणि आभार घेतल्यानंतर मानतात, पण घेण्याआधी विचारायचं असतं ते राहूनच गेलं ना.

मी वकील नाही, पण या भानगडीत कायदा थोडा वाचला, एका वकील मित्राकडून समजून पण घेतला. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे, २०१२ला त्यात मोठी दुरुस्ती झाली. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात तो गोलातला सी टाकायची पण सक्ती नाही, म्हणजे ‘त्याच्यावर कुठे काय लिहिलं होतं’ ही सबब चालत नाही. फोटो काढणारा हयात आहे तोपर्यंत, आणि तो गेल्यावर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून आणखी ६० वर्षं तो हक्क राहतो. कलम ६३मध्ये शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. शिवाय फोटोवरची हक्काची माहिती मुद्दाम काढून टाकली तर कलम ६५ब वेगळं आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. हे त्या नाव कापणाऱ्या पोरांना सांगितलं तर ते हसतात, कारण त्यांना माहिती आहे की एका केळीच्या फोटोसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. मी पण चढलो नाही.

पण याचा अर्थ सगळंच उचलणं चोरी आहे असं पण नाही, इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. आमच्या शेजारच्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेटवरून अजिंठ्याची चित्रं प्रिंट करून चिकटवली तर तिला कोणी धरत नाही, शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकण्या-शिकवण्यासाठी कलम ५२ मध्ये मोकळीक दिलेली आहे. त्याच कलमात ‘फेअर डीलिंग’ आहे, म्हणजे खाजगी वापर आणि अभ्यास, टीका-परीक्षण, आणि चालू घडामोडीची बातमी, या कामांसाठी रास्त तेवढा वापर चालतो. तुम्ही उद्या लिहिलं की हा फोटो जुना आहे, खोटा फिरून राहिला, आणि ते दाखवायला माझा फोटो छापला, तर मी एक शब्द बोलणार नाही, उलट पेढे घेऊन येईन. पण कीटकनाशकाची बाटली विकायला तोच फोटो लावला तर ती काही टीका नाही, बातमी नाही आणि अभ्यास तर नाहीच नाही.

आणि हे ‘फेअर यूज, फेअर यूज’ जे यूट्यूबवाले म्हणतात ना, त्याची एक मजा सांगतो. आपल्याकडच्या अहिराणी गाण्यांचे कितीतरी चॅनल आहेत, लाखोंनी लोक बघतात, मला पण आवडतात. काहींच्या व्हिडिओखाली इंग्रजीत एक लांबलचक परिच्छेद चिकटवलेला असतो, त्यात कॉपीराइट अॅक्ट १९७६, सेक्शन १०७ असं असतं. आता आपला कायदा तर १९५७चा. मग हा १९७६चा कुठला? तर तो अमेरिकेचा! तिकडचं कोर्ट चार गोष्टी बघतं, वापर कशासाठी केला, मूळ वस्तू कशा प्रकारची, किती भाग घेतला, आणि त्याने मूळ मालकाच्या धंद्यावर काय परिणाम झाला. म्हणजे पोरगा गाणं शूट करतो शिरपूरला, थंबनेलला फोटो उचलतो सारंगखेड्याच्या घोडे बाजारातला कोणाचातरी, आणि संरक्षण मागतो अमेरिकेच्या कायद्याचं. बरं तो मजकूर चिकटवल्याने अमेरिकेत सुद्धा आपोआप काही माफ होत नाही.

आता माझी चोरी. फ्लेक्सच्या धंद्यात उतरलो तेव्हा सुरुवातीला मी सरसकट गुगलवरून उचलायचो, ढग, फुलं, समई, सगळं. एकदा वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स चौकात लागला आणि सकाळी बघतो तर भाऊंच्या डोक्यावरच्या आकाशात एका परदेशी फोटो साइटचा वॉटरमार्क आडवातिडवा गेलेला. भाऊंना तो डिझाइनचा भाग वाटला, त्यांनी पूर्ण पैसे दिले! मला मात्र तीन दिवस त्या चौकातून गाडी नेता आली नाही.

दुसरी चोरी जास्त लागली मनाला. एका लग्नातला नवरीचा फोटो फार सुंदर आला होता, तो मी मोठा करून दुकानाच्या काचेला लावला आणि पेजवर पण टाकला. आठ दिवसांनी मुलीचे वडील आले, भांडले नाहीत, नुसतं म्हणाले, दादा, आम्हाला विचारायला पाहिजे होतं. मी मनात म्हटलं फोटो तर मी काढला, कॅमेरा माझा, लाइट माझे. नंतर कलम १७ वाचलं तर त्यात उलटंच, कोणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा! फोटोग्राफरकडे राहतो तो कलम ५७ मधला हक्क, म्हणजे हे काम माझं आहे असं सांगण्याचा. आमच्या लाइनीतल्या निम्म्या लोकांना हे माहिती नाही असं मला वाटतं. आता मी बुकिंगच्या पावतीवरच एक ओळ छापली आहे, फोटो दुकानात आणि पेजवर लावायला परवानगी आहे / नाही, आणि टिक करून घेतो. बरेच जण ‘नाही’वर करतात, ठीक आहे, त्यांचा फोटो आहे.

अजून एक गैरसमज असा की माणूस गेला म्हणजे त्याचं सगळं मोकळं झालं. आपले केकी मूस घ्या, चाळीसगावसारख्या ठिकाणी बंगल्यातून वर्षानुवर्षं बाहेर न पडता टेबलावर घरातल्या वस्तू मांडून या माणसाने काय एकेक फोटो केले, त्यांचं जुनं घर आता संग्रहालय आहे, मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा स्वतःच्या कॅमेऱ्याची लाज वाटली. त्यांच्या जयंतीला त्यांचे फोटो ग्रुपवर फिरतात, खाली कधी ‘सुंदर पेंटिंग’ लिहिलेलं, कधी ‘शुभ सकाळ’. ते १९८९ला गेले. पूर्वी फोटोचा हिशोब फोटो प्रसिद्ध झाल्यापासून करायचे, २०१२च्या दुरुस्तीपासून तो काढणारा माणूस गेल्यापासून करतात, म्हणजे त्यांचा १९७०ला छापून आलेला फोटो २०४९च्या ३१ डिसेंबरपर्यंत कोणाच्यातरी हक्काचा आहे. पुस्तकांचं पण तसंच, तिथे लेखक गेल्यापासून मोजतात, साने गुरुजी १९५०ला गेले तर त्यांनी हयातीत छापलेलं लिखाण २०११पासून सगळ्यांना मोकळं झालं. अमळनेरच्या एका मित्राने हेच गणित फोटोला लावलं तेव्हा मी जुना नियम धरून तासभर वाद घातला, बरोबर तोच होता, असो.

फुकट आणि कायदेशीर फोटो मिळत नाहीत असं पण नाही. विकिमीडिया कॉमन्स २००४पासून आहे, तिथे लोक स्वतःहून फोटो देतात, बहुतेकांची अट एवढीच की काढणाऱ्याचं नाव द्या आणि लायसन्स कुठलं ते सांगा. गुगलच्या इमेज सर्चमध्ये पण टूल्समध्ये गेलं की क्रिएटिव्ह कॉमन्सवाले, म्हणजे मालकाने वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवलेले, वेगळे काढता येतात. आणि कुठला फोटो मूळ कोणाचा हे बघायचं असेल तर गुगल लेन्समध्ये टाकून बघा, माझ्या त्या केळीच्या फोटोची सगळी वरात मला तिथेच सापडली. तिथे सापडलेल्या एका साइटला मी लेखी तक्रार केली, नियम असा आहे की तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत त्यांनी तो बंद करायचा, आणि मी २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात. त्यांनी काढला, नंतर परत लावला पण नाही, बहुतेक त्यांना दुसरा मिळाला असेल.

तर संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं छोटं आहे. ‘सौजन्य : गुगल’, ‘छाया : सोशल मीडिया’ हे छापणं बंद करा. गुगल कधी बांधावर गेलं नाही. फोटो कोणाचा ते माहिती असेल तर नाव छापा, माहिती नसेल तर एक फोन करून शोधा, नाहीच सापडला तर तो फोटो नका छापू, तिथे दोन ओळी मजकूर जास्त येऊ द्या, आम्ही वाचू. आणि वादळाच्या, पुराच्या फोटोखाली गाव आणि तारीख टाका, तेवढं तरी कराच. तालुक्याला आमच्यासारखे दहा-बारा जण कॅमेरे घेऊन बसलेले असतात, लग्नसराई सोडली तर हाताला काम नसतं, एका फोनवर जाऊन काढून देऊ, मानधन मागाहून बघता येईल.

सोबत तो पाठमोऱ्या शेतकऱ्याचा मूळ फोटो ईमेलने पाठवला आहे, डॉक्युमेंट म्हणूनच, तारीख आत आहे. या पत्राबरोबर छापायचा असला तर माझी परवानगी आहे, पण ‘जुना फोटो’ असं वर स्पष्ट लिहा. शेतकऱ्याला पण विचारलं, तो म्हणे छापा, पण यंदा बाग चांगली आहे हे खाली टाका, पाहुणे परत फोन करतील.

आपला,
एक फोटोग्राफर, ता. रावेर, जि. जळगाव