मिनूला पत्र: ‘गो ऑफ’ म्हणजे नक्की कोण गेलं

लीड्स

प्रिय मिनू,

आईबाबांना नमस्कार सांग, आजीचा गुडघा कसा आहे ते कळव. तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, ओईटीच्या, म्हणजे परदेशात नर्स व्हायला लागणाऱ्या त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, गाईडमध्ये गो ऑफचे ढीगभर अर्थ दिलेत ते कसे पाठ करू म्हणून रडवेली झाली होतीस, तेव्हा म्हटलं व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच बसून नीट लिहून पाठवते.

आधी ते गाईड मिटव. गो ऑफ ऐकलं की अर्थ आठवत बसायचं नाही, आधी कोण गो ऑफ झालं ते बघायचं. अलार्म, बॉम्ब, दूध, लाईट, बाळ, पेशंट, नवरा, कोण ते कळलं की काय झालं ते निम्मं कळतंच. समानार्थी शब्दांचंही तसंच, एकाचा दुसऱ्याला लावता येत नाही. बॉम्बला एक्स्प्लोड आणि दुधाला टर्न्ड सावर, उलटं केलंस तर एक्झामिनर हसत बसेल.

आपला घोळ खरा त्या ऑफमुळे होतो. आपण पंखा ऑफ कर म्हणतो, मोबाईल ऑफ झाला म्हणतो, त्यामुळे ‘द अलार्म वेंट ऑफ’ ऐकलं की वाटतं बंद पडला, आणि तो तर बोंबलत असतो. तिथे म्हणजे रँग, फायर अलार्म असेल तर साउंडेड. पुढच्याच वाक्यात ‘आय टर्न्ड इट ऑफ’ आलं की तो ऑफ मात्र आपला बंदवाला. आणि लाईट किंवा हीटिंग गो ऑफ झालं तर तेही बंदच झालं, लाईटला वेंट आउट पण म्हणतात. माझ्यामुळे वाजला असं सांगायचं असेल तर सेट ऑफ किंवा ट्रिगर्ड, इथे घरात मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म सेट ऑफ होतोच, आणि 2015 पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर तो असावाच लागतो, त्यामुळे सुटका नाही.

ऑफ म्हणजे मुळात बंद नाहीच, ऑफ म्हणजे दूर, बाजूला. जुन्या इंग्रजीत ऑव्ह आणि ऑफ एकच शब्द होता, एक एफ आणि दोन एफ असे वेगळे पुष्कळ नंतर झाले. मी मनात आपलं ‘सुटणं’ धरते. गोळी सुटते तशी गन गोज ऑफ, गाडी सुटते तसा माणूस गोज ऑफ म्हणजे निघतो, तिथे लेफ्ट किंवा सेट आउट चालतं, दुधाला वास सुटतो, चहा सुटतो तसं आय हॅव गॉन ऑफ टी, म्हणजे आवडेनासा झाला. सगळीकडे बसत नाही हे, अलार्म काही आपल्याकडे सुटत नाही, पण गाईडपेक्षा बरं.

खाण्याच्या बाबतीत हे लोक भलतेच आळशी आहेत बघ. आपल्याकडे दूध नासतं, भात आंबतो, भाजी उतरते, खोबरं खवट होतं, आणि यांचं सगळंच गॉन ऑफ. लिहिताना मात्र त्यांनाही वेगळे शब्द लागतात, दुधाला सावर, लोणी-तेलाला रॅन्सिड, अंड्याला रॉटन, सरसकट हवं असेल तर स्पॉइल्ड. ब्रेड नुसता कडक झाला तर तो गॉन ऑफ नाही, तो स्टेल. अमेरिकेत बहुतेक गॉन बॅड म्हणतात. 2022 मध्ये मॉरिसन्स या इथल्या सुपरमार्केटने स्वतःच्या बऱ्याचशा दुधाच्या बाटल्यांवरची यूज बाय (त्यानंतर वापरू नका) तारीख काढून बेस्ट बिफोर (तोवर उत्तम) घातली आणि लोकांना सांगितलं वास घेऊन ठरवा, म्हणजे आजी आयुष्यभर करत आली तेच, तिला सांग, खूश होईल.

आता वॉर्डमधलं, हे नीट वाच, कारण हे त्या गाईडमध्ये असेल असं मला वाटत नाही. रात्री कुणी विचारलं ‘हॅज शी गॉन ऑफ?’ तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ झोपली का, तिथे ड्रॉप्ड ऑफ किंवा फेल अस्लीप. लहान बाळाला तर हमखास हेच. पण कलीग धावत येऊन म्हणाली ‘बेड फोर हॅज गॉन ऑफ’ तर तो पेशंट झोपलेला नाही, तो बिघडलाय, ऊठ आणि पळ. आणि पेशंट स्वतः म्हणाला ‘द पेन हॅज गॉन ऑफ अ बिट’ तर ती चांगली बातमी, दुखणं कमी झालंय, म्हणजे ईझ्ड, सब्सायडेड. पेनकिलरचा असर उतरला तर मात्र वोअर ऑफ, ते वेगळं, त्यात गो नाही. आणखी दोन कानावर पडतील, ‘ऑफ हिज फूड’ म्हणजे जेवण जात नाही आणि ‘ऑफ लेग्ज’ म्हणजे म्हातारा माणूस एकदम चालेनासा झालाय. आणि गॉन ऑफ सिक म्हणजे स्टाफपैकी कुणी आजारपणाच्या रजेवर, म्हणजे त्या दिवशी तुझ्या वाट्याला दोन पेशंट जास्त.

पण ओईटीच्या रायटिंगमध्ये यातलं एकही घालू नकोस हां. ते पत्र डॉक्टरला नाहीतर दुसऱ्या नर्सला जाणारं असतं, तिथे ‘हिज कंडिशन डिटिरिओरेटेड ओव्हरनाइट’ असंच लिहायचं, आणि त्याच्याबरोबर आकडा, न्यूज स्कोअर, म्हणजे नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून तब्येत किती बिघडलीय त्याचा आकडा, 3 वरून 7 झाला असं लिहिलं म्हणजे वाचणाऱ्याला शंका उरत नाही, 7 म्हणजे इमर्जन्सीच. बोलताना गो ऑफ, लिहिताना त्याचा नेमका शब्द. इथल्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये सी प्लस ग्रेड चालतं, बाकी तिन्हीत बी लागतो, त्यामुळे तू लिसनिंगचीच जास्त प्रॅक्टिस कर, बोलीतलं कानाला सवयीचं झालं पाहिजे.

उरलेलं पटकन. माणूस गो ऑफ ऑन वन म्हणजे भडकला आणि थांबेचना, आपल्या काकांसारखा. गो ऑफ विथ म्हणजे घेऊन पसार, माझं पेनही जातं आणि कुणाचा नवराही. कार्यक्रम वेंट ऑफ वेल म्हणजे व्यवस्थित पार पडला, पास्ड ऑफ. आणि तू मेसेजमध्ये ‘आय हॅव गॉन इट ऑफ’ म्हणालीस, ते नाही होत, गॉन ऑफ इट. पुट इट ऑफ चालतं, गो इट ऑफ चालत नाही, का ते विचारू नकोस, कान बसला की जिभेला आपोआप कळतं.

आता यातल्या प्रत्येकाचं एक वाक्य कर, वॉर्डमधलं, आणि मला फोटो पाठव, तपासून देते. परीक्षेची तारीख मिळाली का? इथली घड्याळं मागे गेलीत, आता साडेपाच तासांचा फरक आहे, त्यामुळे रविवारी फोन करायचा तर तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की कर, आधी केलास तर मी ड्युटीवर असेन. बाबांनाही तेव्हा घरी थांबायला सांग, बँकेच्या त्या फॉर्मबद्दल बोलायचंय.

तुझी,
ताई