उद्यमनगरातल्या मामांचे आणि ताईंचे आभार

मेटलर्जीच्या (धातुशास्त्राच्या) दुसऱ्या वर्षाला आपली शाखा बरोबर आहे का, ही शंका डोक्यात घर करून बसली. वर्गातली पोरं कोडिंगच्या क्लासला पळत होती. घरी पाहुणे आले की एकच प्रश्न, ‘त्यात स्कोप काय?’ (उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, ते सोडा.)

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत (धातू ओतून वस्तू घडवायच्या कारखान्यात) ज्यांनी मला सुट्टीत उभं राहू दिलं, त्या साचे बनवणाऱ्या मोल्डरमामांचे मनापासून आभार. त्यांनी साच्याची वाळू मुठीत दाबली, गोळा मधोमध मोडला आणि कडा दाखवल्या. ‘कडा ढासळल्या तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त. मग वाफ अडकती आन् कास्टिंगला भोकं पडत्यात, बघ.’ पुस्तकातला ब्लोहोल, म्हणजे ओतीव वस्तूतलं हेच भोक, मला तिथं कळला. सुमारे १४०० अंशांचा लोखंडाचा रस साच्यात उतरताना बघितला आणि पाहुण्यांचा प्रश्न जरा लहान वाटला.

ग्रंथालयातल्या काकांचेही आभार, जाडजूड हँडबुकं न कुरकुरता काढून दिली.

आणि सीनियर ताई! ‘मनाचं ऐक’ वगैरे काही बोलल्या नाहीत. सुरुवातीचा पगार, रात्रपाळी, धूळ, सगळं खरं सांगितलं. त्या खरेपणानंच मी टिकलो. शंका अजून येतात, पण आता त्या घेऊन कुठं जायचं ते ठाऊक आहे.

मामा, परीक्षा झाली की येतोय. चहा माझ्याकडून.