संदर्भसूचीतील एका खुणेबद्दल ग्रंथपाल मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

शोधप्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात माझी संदर्भसूची चाळताना आपण एका नोंदीशेजारी पेन्सिलीने खूण केलीत आणि हा निबंध इतक्यात उघडून पाहिला आहे का, एवढेच विचारलेत. मी पाहिला नव्हता. माझ्याजवळ तीन वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली पीडीएफ होती. मधल्या काळात नियतकालिकाने तो निबंध मागे घेऊन आपल्या संकेतस्थळावरील प्रतीवर 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का मारला होता, पण माझ्या प्रतीवर तो कुठून उमटणार?

मी घाबरले, तेव्हा आपण मला आधी निबंध मागे घेतल्याची सूचना वाचायला लावलीत. चूक प्रामाणिक होती की आकडे बनावट होते, हे कळल्याशिवाय लेखकांविषयी मत बनवू नये, असे आपण म्हणालात. प्रकाशन-नीतीचे मार्गदर्शन करणारी 'कोप' ही समितीही रिट्रॅक्शन शिक्षेसाठी नसून संशोधनाची नोंद दुरुस्त ठेवण्यासाठी असते, असेच सांगते.

निबंध मागे घ्यायला इतकी वर्षे का लागतात, या माझ्या प्रश्नावर आपण 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाची दोन प्रकरणे समोर ठेवलीत. गोवर, गालगुंड आणि रुबेलावरील एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० मध्ये, ब्रिटनमधील डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचा त्यांच्या वर्तनाविषयीचा निष्कर्ष आल्यानंतर. २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनी फक्त त्यातील अन्वयार्थ मागे घेतला होता. उलट २०२० मध्ये कोविडवरील हायड्रॉक्सीक्लोरोक्विन औषधाविषयीच्या निबंधाला रुग्णांची माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने ती मूळ माहिती त्रयस्थ तपासणीसाठी देण्यास नकार दिला, तेव्हा तिघा लेखकांनीच तो निबंध मागे घेतला आणि प्रकरण प्रसिद्धीपासून १३ दिवसांत मिटले. लेखक स्वतः पुढे आले नाहीत, तर संपादक खुलासा मागतात आणि तो पटला नाही तर प्रकरण लेखकांच्या संस्थेकडे सोपवतात, कारण प्रयोगशाळेच्या वह्या तपासण्याचा अधिकार नियतकालिकाला नसतो. आणि संस्था आपल्याच माणसाची चौकशी किती उत्साहाने करते, हे आपल्याला मी काय सांगावे.

त्या निबंधावर टेकलेला परिच्छेद मी काढला. उरलेली प्रत्येक नोंद मागे घेतलेल्या निबंधांची यादी ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'च्या खुल्या माहितीसंग्रहात शोधून पाहिली; त्याला दोन दिवस लागले.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशातील आपले नाव, "हे माझे कामच आहे", असे म्हणून आपण खोडायला लावलेत. म्हणून येथेही ते घेत नाही. आभार मात्र उघडपणे मानते.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी